नदीचे मूळ विचारावे लागते

महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे पाणी दगडी गोमुखातून एका कुंडात पडते, अशी श्रद्धा आहे. श्रद्धेचा भाग सोडला तरी त्या डोंगरावर भूगोलाने जे करून ठेवले आहे, तेही कमी नवलाचे नाही. वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीला आणि कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, आणि ते सगळे पाणी कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडत सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. सावित्री मात्र त्याच डोंगराच्या पश्चिम अंगाने खाली उडी घेते आणि पोलादपूर, महाड करत शंभरेक किलोमीटरांत बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्र गाठते. कृष्णेच्या उगमापासून हा समुद्र जेमतेम ६४ किलोमीटरांवर आहे, तरी तिने त्याच्याकडे पाठ फिरवली आहे. गोदावरीचेही तेच. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र ८० किलोमीटर, आणि तिचा प्रवास १४६५ किलोमीटरांचा. असे का, या प्रश्नाला शाळेत ठरलेले उत्तर मिळते: सह्याद्री आडवा आला म्हणून. हे उत्तर खोटे नाही, पण त्यात घोड्यापुढे गाडी जुंपली आहे. सह्याद्री आधी उभा होता आणि नद्यांनी त्याच्या उतारावरून वाट काढली, असा क्रम त्यात गृहीत धरलेला असतो. गेल्या दोन शतकांतला भूरूपशास्त्राचा पुरावा तपासला तर क्रम बराचसा उलटा दिसतो. आज आपण ज्याला सह्याद्रीचा कडा म्हणतो तो नद्यांनी कोरलेला आहे, मागे ढकललेला आहे, आणि काही अंशी उचललेलाही आहे. आणि ज्याला आपण नदीचा उगम म्हणून हात जोडतो, तो तिच्या इतिहासाचा आरंभ नसून तिची आजची हद्द आहे. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे म्हणतात. ऋषींचे सोडून देऊ. नदीच्या बाबतीत ते विचारल्यावाचून आपल्या पायाखालची जमीन कळत नाही.

नदी आपली दरी स्वतः खोदते, हे आज कोणालाही सांगावे लागत नाही, पण ही समजूत फार जुनी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपातल्या अनेक विद्वानांना दऱ्या म्हणजे महाप्रलयाने पाडलेल्या भेगा वाटत आणि नद्या त्या तयार भेगांत येऊन राहिलेल्या भाडेकरू. १८०२ मध्ये जॉन प्लेफेअर या स्कॉटिश गणितज्ञाने आपला मित्र जेम्स हटन याच्या विचारांचे विवरण करताना एक साधे निरीक्षण मांडले, आणि या कल्पनेचा पायाच निघाला. प्रत्येक नदीला फांद्यांसारख्या उपनद्या असतात, प्रत्येकीची दरी तिच्या आकाराला शोभेशी असते, आणि त्या मुख्य नदीला जवळजवळ समान पातळीवर मिळतात. दऱ्या जर भूकंपाने किंवा प्रलयाने पडलेल्या भेगा असत्या, तर शेकडो उपनद्यांची पातळी अशी जुळून येणे हा अशक्य कोटीतला योगायोग ठरला असता. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर हे डोळ्यांनी पाहता येते. कृष्णा आणि कोयना तिथे जवळजवळ समोरासमोर येऊन भेटतात, पण एक दुसरीत धबधब्यासारखी कोसळत नाही. दोघींनी आपापले तळ हजारो पावसाळ्यांत एकमेकींच्या बेताने खाली नेलेले आहेत. या नियमाचा अपवादही बोलका आहे. जिथे दरी नदीने नव्हे तर हिमनदीने खोदली, त्या आल्प्समध्ये उपदऱ्या मुख्य दरीच्या भिंतीवर वरच अडकून राहिल्या आहेत आणि त्यांचे पाणी उंचावरून खाली पडते.

कोकणात उतरताना दिसणारे पावसाळी धबधबेही असेच अधांतरी लटकलेले आहेत, मग तिथे प्लेफेअर कुठे गेला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईल. आधी नदी मुळात सुरू कशी होते ते पाहू. कोऱ्या जमिनीवर नदी सुरू होताना पाहायची तर लोणारला जावे. उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये पडलेला हा सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा. त्याचे वय आधी ५० हजार वर्षांच्या आसपास धरले जाई, नंतरच्या मापनांत ते सुमारे ५.७ लाख वर्षे आले. कोणताही आकडा धरला तरी भूशास्त्राच्या हिशेबात ही जमीन कालपरवाची. या वाटोळ्या खळग्याचा काठ बहुतेक ठिकाणी अजून शाबूत आहे. फक्त ईशान्येला धारेच्या ओढ्याने त्याला खाच पाडली आहे, आणि त्या खाचेतून आणलेली माती तळ्याच्या कडेला पंख्यासारखी पसरली आहे. कोणत्याही नदीचा सारा कारभार इथे दीड-दोन किलोमीटरांत मांडून ठेवलेला दिसतो: वर कापणे, मधून वाहून नेणे, खाली टाकणे. शिवाय आणखी एक गोष्ट तिथे कळते. ओढा नुसता खाली वाहत नाही, तो मागे वाढतो. खाचेच्या वरच्या टोकाशी पाणी जमते, तिथली माती सुटते, कडा ढासळतो आणि खाच काठाच्या आत आणखी थोडी सरकते. प्रवाह पुढे जातो आणि दरी मागे वाढते. म्हणून प्रत्येक नदीचे वरचे टोक हे तिचे सर्वांत नवे टोक असते. गोदावरी गंगाद्वारी प्रकट झाली, लुप्त झाली आणि पुन्हा कुशावर्तात सापडली, ही कथा रचणाऱ्यांना उगमाचा हा निसटता स्वभाव आपल्या परीने ठाऊक असावा. बेसॉल्टच्या थरांमध्ये मुरलेले पाणी एका सांध्यातून बाहेर येते, पुन्हा जिरते आणि खालच्या सांध्यात फुटते. त्यातल्या कोणत्या जागेला उगम म्हणायचे हे शेवटी देवस्थान ठरवते.

दख्खनच्या खडकाने नद्यांच्या या कामाला स्वतःचा घाट दिला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. झीज होऊन उरलेला त्यांचा विस्तारच आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट काळा कातळ, माथा सच्छिद्र आणि ठिसूळ, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे भाजलेल्या मातीचा तांबडा पट्टा. ठिसूळ भाग लवकर झिजतो, घट्ट भाग उभा राहतो, आणि डोंगराला पायऱ्या पडतात. या खडकाचे ट्रॅप हे नावच पायरीवाचक स्वीडिश शब्दावरून आले आहे. कातळावर नदी प्रत्यक्ष कशी चालते ते निघोजला कुकडीच्या पात्रात दिसते. मळगंगेच्या देवळापाशी पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या हद्दीवर काळ्या कातळात शेकडो रांजणखळगे आहेत. काही ओंजळीएवढे, काही पुरुषभर खोल. आतली भिंत हात लावला तर घासून काढलेल्या पाट्यासारखी गुळगुळीत लागते, तोंडापेक्षा पोट मोठे असते, आणि उन्हाळ्यात तळाशी गोल झालेले दगड पडलेले सापडतात. तेच या कामाचे हत्यार. पुराच्या भोवऱ्यात सापडलेला दगड एकाच जागी गरगर फिरतो, स्वतः झिजतो आणि कातळालाही झिजवतो. तो संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो. शेजारचे दोन रांजण रुंदावत एकमेकांना भिडतात, मधली पाळ कोसळते, आणि अशा रांजणांच्या रांगेतून अखेर पात्रात एक अरुंद, खोल चर तयार होतो. नुसते स्वच्छ पाणी अशा कातळाचे फारसे बिघडवू शकत नाही. निघोजचे सगळे कोरीव काम वर्षाकाठच्या मोजक्या पूरदिवसांत झालेले आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे कड्याकडे. लाव्हा पसरल्यानंतर थोड्याच काळात, भूशास्त्राच्या मापाने थोड्या, भारताचा पश्चिम किनारा सेशेल्सच्या भूखंडापासून तुटला आणि मध्ये समुद्र आला. १९८५ मध्ये क्लिफ ऑलियर आणि पुणे विद्यापीठातले के. बी. पोवार यांनी असे मांडले की सह्याद्री ही पर्वतरांग नव्हेच. खंड तुटल्यावर त्याच्या काठाशी तयार होऊन आत सरकत आलेली ती एक महाकडा-रेषा आहे, दक्षिण आफ्रिकेत आणि पूर्व ऑस्ट्रेलियात दिसते तशी. याचा पुरावा लोकलच्या खिडकीतून दिसतो. नेरळ-कर्जतच्या सपाटीतून एका बाजूला घाटाची भिंत आणि दुसऱ्या बाजूला माथेरानचा डोंगर दिसतो. दोहोंच्या मध्ये उल्हास नदीचे खोरे. माथेरान, प्रबळगड, तिकडे उत्तरेला माहुली, हे सगळे कोकणात एकटे उभे असलेले डोंगर पायरीला पायरी जुळावी तसे घाटातल्या थरांशी जुळतात. हे थर आडवे आहेत. म्हणजे कधी काळी ते सलग होते, आणि मधला भाग उल्हास, पाताळगंगा, काळू यांसारख्या नद्यांनी कापून समुद्रात नेला. माथेरान ही मागे हटलेल्या कड्याने वाटेत सोडलेली चौकी आहे. जाता जाता नोंदवण्याजोगी गोष्ट अशी की या थरांच्या गटांना जगभरच्या भूशास्त्रात जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकुरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी इथल्याच गावांची आणि घाटांची नावे आहेत. कुठल्याही परदेशी विद्यापीठात दख्खनचा अभ्यास करणाऱ्याला ती उच्चारावीच लागतात.

यावर पहिला आक्षेप जुना आहे. एवढी उंच, एवढी लांब भिंत पाण्याच्या धारांनी होईल कशी? ती समुद्राने कापलेली असेल, अशी शंका एकोणिसाव्या शतकात होती. नंतर ती जमीन खचल्याने झालेली भ्रंशरेषा असेल, असे म्हटले जाऊ लागले. दोन्ही कल्पना कड्याच्या रेषेकडे नीट पाहिले की लंगड्या पडतात. भ्रंशाची भिंत साधारण सरळ असते. सह्याद्रीचा कडा नकाशावर कुरतडलेल्या भाकरीच्या कडेसारखा दिसतो. प्रत्येक ओढ्याच्या माथ्याशी आत गेलेला, दोन ओढ्यांच्या मध्ये बाहेर आलेला. थरांचा मोठा वाक प्रत्यक्षात पनवेलच्या आसपास, किनाऱ्यालगत आहे. तिथे लाव्हाचे थर समुद्राकडे झुकलेले आहेत. म्हणजे जमीन मोडली आणि वाकली ती तिकडे, आणि कडा उभा आहे तो कितीतरी पूर्वेला. जिथे जखम झाली तिथून व्रण इतका दूर सरकला असेल, तर मधल्या काळात कोणीतरी सतत कुरतडत होते हे मानावेच लागते. हे कुरतडणे जोरात का चालते त्याचे कारणही सरळ आहे. नदीची कापण्याची ताकद पाण्याच्या प्रमाणावर आणि उतारावर अवलंबून असते. सावित्री पोलादपूरपर्यंतच्या थोडक्या वाटेत हजाराहून अधिक मीटर खाली येते आणि तिच्या माथ्यावर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेकडे वाईला पाऊस त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी, आणि वाईपासून समुद्रापर्यंत कृष्णेला मिळणारा उतार किलोमीटरला सरासरी अर्धा मीटर. झुंज बरोबरीची नाहीच. कडा ज्या क्षणी हलतो तो क्षण भीषण असतो. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली ती याच प्रक्रियेतून; भूरूपशास्त्रात ज्याला कड्याचे मागे सरकणे म्हणतात, ते गावाच्या वाट्याला असे येते. आणि घाटातले लटकते धबधबेही इथेच उलगडतात. कडा इतक्या झपाट्याने मागे येतो की वरच्या लहान ओढ्यांना आपले तळ खाली न्यायला वेळच मिळालेला नाही.

कड्याच्या या बाजूला, देशावर, या इतिहासाचा सर्वांत सुंदर पुरावा मावळात आहे. विल्यम मॉरिस डेव्हिसने १८९९ मध्ये नदीच्या युवा, प्रौढ आणि वृद्ध अशा अवस्था सांगितल्या, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्या इतक्या आपल्याशा केल्या की उगमाशी अरुंद इंग्रजी व्ही आकाराची दरी आणि मुखाशी पसरट खोरे असा नियमच होऊन बसला. लोणावळ्याला इंद्रायणी या नियमाला जुमानत नाही. तिचे खोरे जन्मतःच रुंद आणि मंद उताराचे आहे, भाताची खाचरे घाटमाथ्याच्या काठापर्यंत गेलेली, आणि खंडाळ्यापाशी ते खोरे चाकूने कापावे तसे संपते. नाणे मावळ, पवन मावळ, आंदर मावळ यांचीही हीच तऱ्हा. एवढीशी नदी एवढे खोरे करू शकत नाही. याचा सरळ अर्थ असा की या खोऱ्यांची वरची अंगे आणखी पश्चिमेला होती आणि कड्याने ती खाल्ली. इंद्रायणीच्या जुन्या उगमाची जागा शोधायची तर ती आज खोपोली-कर्जतच्या वर कुठेतरी रिकाम्या हवेत आहे. सगळीकडे असेच आहे असे मात्र नाही. कृष्णा वाईला येईपर्यंत आपली निम्मी उंची गमावते, कारण महाबळेश्वरचे जांभ्याने झाकलेले पठार हा मूळ उंच प्रदेशाचा अजून न झिजलेला तुकडा आहे. पण दोन्ही नद्यांचे मूळ तोडलेले आहे, हे खरेच. डेव्हिसच्या आधी, १८७७ मध्येच, ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टने आणि पुढे १९६० मध्ये जॉन हॅकने वयाच्या भाषेऐवजी तोलाची भाषा वापरली होती. उतार, खडक आणि पाणी एकमेकांशी जुळवून घेतात, आणि नदीचे रूप त्या जुळणीचे असते, वयाचे नव्हे. महाराष्ट्रातल्या नद्यांना हीच भाषा लागू पडते. आपली पाठ्यपुस्तके अजून डेव्हिसलाच धरून बसली आहेत, याला शिक्षणातली सोय याखेरीज कारण दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नद्यांनी कापले हे मान्य, पण कुठे वाहायचे हे त्यांनी ठरवले नाही. ते पृथ्वीच्या पोटातल्या हालचालींनी ठरवले. १९८९ मध्ये के. जी. कॉक्स यांनी असे सुचवले की लाव्हा उसळण्याआधी खालच्या उष्ण द्रव्याने इथली जमीन घुमटासारखी फुगवली, आणि दख्खनच्या नद्या त्या घुमटाच्या पूर्व उतारावरून वाहू लागल्या त्या अजून तशाच वाहत आहेत. तापी आणि नर्मदा पश्चिमेला का जातात, तर त्या खचलेल्या पट्ट्यात सापडल्या म्हणून. तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात साचलेला गाळ शेकडो मीटर जाड आहे आणि अकोला-अमरावतीकडचा खारपाणपट्टा त्या गाळावरच आहे. नदीने नुसते कापत राहून एवढी जाडी साचत नाही, तळ खचत गेला पाहिजे. चंद्रपूरच्या दगडी कोळशाचा प्रदेश तर दख्खनच्या लाव्हापेक्षा कितीतरी जुन्या खचदरीत आहे, आणि प्राणहिता त्याच दरीतून वाहते. कोयना महाबळेश्वरहून साठ-पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेला जाते आणि हेळवाकला काटकोनात पूर्वेला वळते. या खोऱ्याखाली भेगा आहेत हे ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने सांगितलेच. हा सगळा पुरावा खरा आहे आणि तो नाकारून नदीचा पक्ष मांडता येणार नाही. पण त्यातून सिद्ध काय होते? भेगांनी नदीला रेघ आखून दिली, उताराने दिशा दिली. रेघेची दरी कोणी केली, हा प्रश्न शिल्लकच राहतो. आणि घुमटाने सह्याद्रीची आजची उंचीही समजत नाही, कारण उष्णतेने फुगलेली जमीन थंड झाली की पुन्हा बसते. सहा कोटी वर्षांनंतर हा काठ उंच का?

इथेच या विषयातला सर्वांत आश्चर्याचा मुद्दा येतो. होडीतली पोती उतरवली की होडी पाण्यावर वर येते, तसे पृथ्वीचे कवच खालच्या जड, हळूहळू वाहू शकणाऱ्या द्रव्यावर तरंगते. कोकणपट्टीवरून नद्यांनी शेकडो मीटर जाडीचा बेसॉल्ट उचलून समुद्रात टाकला, तेव्हा किनाऱ्याचा भार हलका झाला आणि काठ वर आला. त्याबरोबर कडाही उचलला गेला आणि देशावरच्या जमिनीला पूर्वेकडे आणखी कल मिळाला. १९९६ मध्ये माईक विडोसन आणि कॉक्स यांनी जांभ्याच्या आणि नद्यांच्या मांडणीवरून हा तर्क लावला. जांभा हा या कथेतला चांगला साक्षीदार आहे, कारण तो उष्ण, पावसाळी हवेत सपाट जमिनीवर दीर्घ काळ मुरल्यावर होतो. महाबळेश्वर-पाचगणीचा जांभा तेराशे-चौदाशे मीटरांवर आहे. रत्नागिरीच्या सड्यांवरचा, ज्यावर कातळशिल्पे कोरली आहेत तो, साधारण दीड-दोनशे मीटरांच्या खाली. खालचा जांभा वरून घसरत आलेला नाही. कडा मागे सरकल्यावर उरलेल्या नव्या सपाटीवर तो स्वतंत्रपणे तयार झाला. याचा अर्थ कोकणची सपाटी जांभ्याच्या आधीच झाली होती, म्हणजे कड्याची मोठी माघार जुनी आहे, आजच्यासारख्याच गतीने ती कायम चालली होती असे नव्हे. आणि समुद्रसपाटीजवळ तयार झालेला तो सडाही आता उंचावला आहे. शास्त्री, वाशिष्ठी, काजळी यांनी त्यात खोल अरुंद दऱ्या पाडल्या आहेत. जमीन अजून वर येते आहे आणि नद्या अजून खाली जात आहेत. पर्वताने नदी अडवली असे आपण म्हणतो, तेव्हा तो पर्वत उभा करण्यात नदीचा वाटा किती, हे विसरलेले असते.

तिसरा आक्षेप सामान्य माणसाच्या मनात येतो आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. मार्च-एप्रिलमध्ये भीमा किंवा प्रवरा पाहिली तर डबक्यांची माळ दिसते. ही नदी डोंगर हलवील? पुणे विद्यापीठातले विश्वास काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्मदा, तापी आणि इतर नद्यांच्या काठांवर जुन्या महापुरांनी आडोशाला टाकलेले गाळाचे थर वाचले, तेव्हा या प्रदेशातल्या नद्या वर्षभर नव्हे तर प्रचंड पुरांच्या मोजक्या तासांत खरे काम करतात, हे स्पष्ट झाले. शिवाय नद्यांचा जोर कायम सारखा नव्हता. देशावरच्या बहुतेक नद्यांच्या दोन्ही काठांना पंधरा-वीस मीटर जाडीचा गाळ उभा दिसतो आणि नदी त्याच्या तळाशी, पुष्कळ ठिकाणी थेट कातळावर, वाहते. शेवटच्या हिमयुगाच्या काळात इथला पावसाळा क्षीण होता; नद्यांना आणलेला माल पुढे नेता येईना, तो साचत गेला. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पाऊस पुन्हा जोर धरू लागला आणि त्याच नद्यांनी स्वतःचा गाळ कापून काढला. संगमनेर परिसरात प्रवरेच्या काठची घळींनी फाटलेली जमीन त्या कापणीची आहे. डेक्कन कॉलेजच्या एस. एन. राजगुरू यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे काठ पुस्तकासारखे वाचले. जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीच्या काठी अश्मयुगीन हत्यारांबरोबर ज्वालामुखीची राख सापडली. पहिल्या मापनात तिचे वय १४ लाख वर्षे आले, नंतर ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची ७४ हजार वर्षांपूर्वीची राख असल्याचा दावा झाला, आणि हा वाद बराच चालला. वयाचा निकाल काही लागो. इंडोनेशियातली राख कुकडीने जपून ठेवली हे खरे, आणि तिच्यासारख्या लहान नदीचा काठ किती जुने सांगू शकतो, हे तेवढ्यावरूनही दिसते.

हा गाळ म्हणजेच गंगथडी आणि भीमथडी. गोदावरीच्या काठाला गंगथडी, भीमेच्या काठाला भीमथडी म्हणणाऱ्या लोकांनी प्रदेशाचे नाव पाण्यावरून नव्हे, थडीवरून ठेवले. नदीने केलेल्या जमिनीला तिचे नाव दिले. मळईची जमीन, गाळपेर, पंढरपूरचे वाळवंट, हे सारे नदीचेच अवयव आहेत, तिच्या शेजारची मोकळी जागा नव्हे. हा फरक आजच्या नियोजनातून निसटलेला आहे. पूररेषांच्या नकाशावर २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्यासाठी लाल रेषा असते, आणि त्या रेषा किती आत घेता येतील यावर नगरांमध्ये खटपटी चालतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. ती गावात शिरली असे वर्तमानपत्रांनी लिहिले. सांगलीची जमीन मुळात कृष्णेनेच आणून टाकलेली आहे, तेव्हा शिरली कोण कुणाकडे, हे भूरूपशास्त्राला विचारले तर उत्तर वेगळे येईल.

माणसानेही आता या झटापटीत हात घातला आहे, आणि गंमत अशी की त्याने नद्यांचीच युक्ती उचलली. पश्चिमेची चढी नदी मागे कुरतडत येऊन पूर्वेच्या नदीचे माथ्यावरचे पाणी पळवते, याला नदीचौर्य म्हणतात. ते व्हायला लाखो वर्षे लागतात. टाटांनी लोणावळा-वळवणची धरणे बांधून पाणी नळांतून खाली सोडले आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू केले. पुढे १९२२ मध्ये भिवपुरीला आणि १९२७ मध्ये भिऱ्याला तेच झाले. भिऱ्यासाठी मुळशी बुडाली आणि त्याविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तो इतिहास सर्वांना माहीत आहे. कोयनेचे पाणी तर पोफळीतून वाशिष्ठीला जाते, म्हणजे कृष्णेच्या माथ्यावरच्या सर्वांत मोठ्या नदीचा मोठा हिस्सा अरबी समुद्राकडे वळला. पूर्वेला जायकवाडी आणि उजनीपासून खालपर्यंतच्या धरणांनी गाळ अडवला, त्यामुळे कृष्णा-गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशांना तो पूर्वीसारखा मिळत नाही. कडा मागे सरकून जे पाणी सावकाश पश्चिमेला गेले असते, ते एका शतकात बोगद्यांतून गेले. एप्रिल-मे महिन्यांत, कोकणातल्या अनेक लहान नद्या आटलेल्या असताना, खोपोलीखाली पाताळगंगा वाहती असते. त्यातले पाणी इंद्रायणीच्या खोऱ्यात पडलेल्या पावसाचे असते.